गजावरची तिसरी खाच

१

सकाळचं माझं पहिलं काम म्हणजे ऑर्फाची पेज. ओटचं पीठ दुधात शिजवायचं, मेपलचा पाक घालायचा, गाळायचं आणि कोमट झालं की तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचं. चमचा ओठांना लावायचा आणि वाट बघायची. पानगळीच्या दिवसांत ती थोडंफार घ्यायची. नाताळपर्यंत एखादाच घास. नंतर ओठ उघडेनासे झाले. डॉक्टरांच्या मते गिळण्यात काही दोष नव्हता, इच्छा उरली नव्हती. इच्छेवर औषध काय, असं मी विचारलं तेव्हा ते तिच्याऐवजी माझ्याकडेच काळजीने बघू लागले.

तिच्या दातांची कवळी उशाशी काचेच्या पेल्यात असायची. ती तोंडात बसवून कित्येक आठवडे झाले होते. हिरड्या इतक्या आक्रसल्या होत्या की बसलीही नसती. तरी मी पेल्यातलं पाणी रोज बदलायचो. आणि तिने पेज नाकारली तरी तिच्यासमोर बसून माझी बशी संपवायचो, कारण ऑर्फा आयुष्यात कधी एकटी जेवली नाही. मला कॉलेजातून कितीही उशीर होवो, मी समोर बसल्याशिवाय तिने काटा उचलला नाही. मी खाताना दिसलो तर तिला आठवेल, अशी माझी समजूत होती.

आमची मुलगी कॉरीन पिट्सबर्गला असते. तिने तिथल्या एका शुश्रूषागृहात आईसाठी खोली पाहून ठेवली होती. तिथे पोटात नळी घालून अन्न देतात. "डॅड, तू तिला उपाशी मारतोयस," असं ती फोनवर म्हणाली, मग रडली, मग माफी मागितली. शेवटी ठरलं ते असं, की जानेवारीतल्या एका रविवारी ती गाडी घेऊन येणार. तोवर आई पोटभर जेवली तर आम्ही दोघं इथेच राहू. नाही जेवली तर ती आईला घेऊन जाणार. ऑर्फाने धडधाकट असताना मला बजावून ठेवलं होतं, की मला या घराबाहेर नेऊन नळ्यांना बांधू नकोस. मी हो म्हटलं होतं. हे कॉरीनला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

ऑर्फाचं बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. पण एका दुपारी डोळे मिटलेलेच ठेवून ती स्पष्ट म्हणाली, "कलेजी असती तर खाल्ली असती."

हरणाची कलेजी. तिचे वडील डोंगरावरून आणायचे, त्याच दिवसाची, आणि लोण्यात परतायचे. मी शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांच्या फ्रीझरमध्ये होती. ती वितळवून, परतून, कुस्करून तिच्यापुढे नेली. तिने वास घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ही झोपलेली आहे," ती म्हणाली.

२

डिसेंबरातला साध्या रायफलींचा मोसम आम्ही इस्पितळात घालवला होता. नाताळनंतर आमच्या पेनसिल्व्हेनियात उरतो तो फक्त चकमकीच्या ठासणीच्या बंदुकांचा मोसम. मी लहानपणी वडिलांबरोबर डोंगरावर जायचो, हरीण सोलायला त्यांनीच शिकवलं. पण बंदूक मी कधी बाळगली नाही. आयुष्य विज्ञानाचा इतिहास शिकवण्यात गेलं. दुकानाच्या दाराशी मी इतका वेळ उभा राहिलो की आतून लोरेटाने हाक मारली, "प्रोफेसर, ग्रंथालय पुढच्या चौकात आहे."

लोरेटाच्या दुकानात बंदुका मिळतात, गळाला लावायचे किडे मिळतात आणि वाईट कॉफी फुकट मिळते. मी काय हवं ते सांगितलं. ती हसली नाही. तिला ऑर्फाबद्दल माहीत असावं, आमच्या गावात असतंच.

तिने आधी नवी दाखवली. चकचकीत, पितळेची कलाकुसर असलेली. ती माझ्या आवाक्याबाहेर होती. मग सुट्या भागांची पेटी दाखवली, स्वस्त, पण घरी जोडायची. तिने माझ्या थरथरत्या हातांकडे पाहिलं आणि पेटी परत फळीवर ठेवली. "ही जोडून होईपर्यंत हरणं म्हातारी होतील." शेवटी तिने कोपऱ्यातून एक जुनी बंदूक काढली. कुठल्यातरी शेतघराच्या आवराआवरीत आलेली. दस्त्याला चीर होती, ती तांब्याच्या तारेने गुंडाळली होती. ती मला परवडत होती.

स्वस्त का, असं मी विचारलं. मालक गेला, पोरांना नको आहे, आणि चिरलेला दस्ता कोणी घेत नाही, असं तिचं उत्तर होतं. मग तिने मला तपासणी शिकवली. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड असतो. तो पोलादी पात्यावर आपटला की ठिणग्या बाहेरच्या वाटीत पडतात, वाटीतली दारू पेटते आणि आग बारीक भोकातून नळीत शिरते. तिने दिवा मालवून चाप ओढला. ठिणग्यांचा झुबका पडला. मग नळी उभी धरून तिने पितळी टोकाचा लाकडी गज आत सोडला. टण्ण असा स्वच्छ आवाज आला.

"हा आवाज लक्षात ठेवा. रिकामी नळी वाजते. भरलेली धप्प करते. आणि कानांवर भरवसा नसेल तर या खाचा बघा."

गजावर गोल खाचा कोरल्या होत्या. नळी रिकामी असली तर पहिली खाच नळीच्या तोंडाशी येते. नीट ठासलेली असली की गज वर राहतो आणि दुसरी तोंडाशी येते. बंदूक भरली की नाही हे विसरणारे आणि भरलेल्यावर पुन्हा भरणारे महाभाग दर मोसमात निघतात, असं ती म्हणाली. नळी फुटली की बोटं जातात, कधी चेहरा.

दुसरीच्या खाली, दोन अंगठ्यांच्या अंतरावर, आणखी एक खाच होती.

"ही?"

"त्याच्याकडे आधी वेगळी गोळी असेल. जास्त दारू घालत असेल. मला काय माहीत, मी त्याची बायको नव्हते."

गजाच्या टोकाशी लाकडात बारीक खळगे होते, ओळीने, वरून आणि खालून. मी बोट फिरवलं. दात होते ते.

"हात दोनच असतात, प्रोफेसर," लोरेटा म्हणाली. "एकात बंदूक, एकात दारू. गज दातात धरतात लोक."

मला ते पटलं. आजही ते स्पष्टीकरण मला वाजवी वाटतं.

३

घरामागे लाकडं फोडायच्या ओंडक्यावर खोका ठेवून मी सराव केला. मापाने दारू ओतायची. नळीच्या तोंडावर चरबी लावलेली गोल चिंधी पसरायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची, आखूड दट्ट्याने आत ढकलायची आणि मग गजाने तळापर्यंत ठासायची. दुसरी खाच नळीच्या तोंडाशी आली की थांबायचं. बार झाल्यावर बर्फात पडलेली चिंधी शोधून वाचायची. कडा सारख्या करपल्या असतील तर भरणी बरोबर, फाटली असेल तर चूक. जुने लोक चिंधी तोंडात घोळवून थुंकीने ओली करायचे. लोरेटाने मला तसं करायला मना केलं होतं, थंडीत थुंकी गोठते आणि दारू भिजते. माझ्या चिंध्या पांढऱ्या होत्या, तिच्याच दुकानातल्या, पुड्यात कापून ठेवलेल्या.

मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं जमलं. हे मी कॉरीनला फोनवर सांगितलं.

"डॅड, तू परवा गॅस चालू ठेवून झोपला होतास."

मी म्हटलं, ते परवा नव्हतं, नोव्हेंबरात होतं.

"बरं. नोव्हेंबरात. बंदुकीला हात लावताना तरी आठवण ठेव त्याची."

पहिल्या दिवशी मी सफरचंदाच्या जुन्या बागेच्या कडेला झाडाला टेकून संध्याकाळपर्यंत बसलो. हरीण आलं नाही. परत आल्यावर बाहेरच्या वाटीतली दारू झटकली आणि बंदूक पडवीत उभी केली. आमच्याकडची पद्धतच ती. भरलेली बंदूक उबदार घरात नेली तर नळीला घाम सुटतो, दारू ओली होते. म्हणून ती रात्रभर थंडीत ठेवतात. पडवीच्या बाहेरच्या दाराला मी कडी लावली. आतलं दार ओढून घेतलं.

सकाळी, निघण्याआधी, लोरेटाने सांगितल्याप्रमाणे गज नळीत सोडला. धप्प. आवाज बरोबर होता. पण दुसरी खाच नळीच्या तोंडाच्या वर राहिली होती. एका अंगठ्याएवढी.

मी गज काढून पुन्हा सोडला. मग चष्मा पुसून पुन्हा.

४

पहिला विचार मी केला तो हाच, की मी दोनदा भरली. आदल्या सकाळी भरल्यावर विसरलो आणि पुन्हा एक गोळी ठासली. विसराळू म्हातारे अशी चूक करतात, म्हणूनच तर खाचा असतात. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा दिलासाही.

गजाच्या टोकाला मळसूत्र लावून मी वरची गोळी ओढून काढली. पहाटेच्या थंडीत अर्धा तास गेला. गोळी चिंधीत गुंडाळलेली बाहेर आली. चिंधी पांढरी नव्हती. जाड कापड होतं, पांढऱ्यावर निळ्या रेघा असलेलं, उशांच्या आतल्या खोळीला वापरतात तसं.

आणि ते ओलं होतं. पडवीतल्या बादलीत बर्फाची तबकडी जमली होती, माझ्या नाकातला ओलावा गोठत होता, आणि माझ्या बोटांतली चिंधी ओली होती आणि कोमट होती.

मी ती खाली टाकली. थोड्या वेळाने उचलली तेव्हा ती कडक झाली होती, म्हणजे पुरावा उरला नव्हता. माझ्या बोटांना थंडीत काय जाणवतं यावर मी विसंबावं का? विद्यार्थ्यांना मी अशा शास्त्रज्ञांबद्दल शिकवायचो ज्यांना नसलेले किरण दिसले. प्रामाणिक माणसं होती ती. त्यांनी मोजमापंसुद्धा छापली होती.

पण गोळी तशीच होती. मळसूत्राने तिला भोक पडलं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना दातांच्या खुणा होत्या. शिसं मऊ असतं. खुणा खोल होत्या, लहान दातांच्या, एकमेकांना चिकटून असलेल्या.

मी आत जाऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो आणि पुड्यातली एक गोळी तोंडात घेऊन चावली. कोणी पाहिलं असतं तर कॉरीनला फोन गेला असता. माझ्या खुणा रुंद आल्या, मध्ये पडलेल्या दाताची फट. दोन्ही गोळ्या मी दिव्याखाली शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत राहिलो. मग पेज केली.

पेज देताना मी ऑर्फाचं डोकं एका हाताने उचललं आणि उशीचा अभ्रा मागे सरकवला. ही उशी तिच्या आईने शिवलेली आहे, पिसांची. खोळीवर निळ्या रेघा आहेत. मधोमध एक गोल तुकडा कापून नेलेला होता. भोकातून पिसं वर आली होती आणि एकमेकांना चिकटली होती.

तिचे हात पांघरुणावर होते. त्या हातांनी चमचा धरवत नव्हता. तिचे पाय तर मला उचलून इकडचे तिकडे ठेवावे लागत. पेल्यात कवळी होती.

"ऑर्फा, रात्री कोणी आलं होतं का?"

पेजेचा वास येताच ती तोंड फिरवायची, तसं तिने त्या दिवशी फिरवलं नाही. ती माझ्या बोटांकडे बघत होती. माझ्या बोटांना दारूची काजळी होती.

५

पोलिसांना काय सांगणार? लोरेटाला काय सांगणार? कॉरीनला सांगितलं असतं तर तिने रविवारची वाट पाहिली नसती, आणि आईबरोबर मलाही नेलं असतं, आणि मला तिला दोष देता आला नसता. ती बंदूक परत करून दुसरी आणावी तर दुसरी घेण्याची माझी ऐपत नव्हती. मोसमाचे दिवस सरत होते. पेज रोज सिंकमध्ये जात होती. ऑर्फाच्या मनगटाची हाडं मला माझ्या बोटांखाली वेगवेगळी लागत होती.

म्हणून मी एका शहाण्या माणसाने करावं ते केलं. गज पडवीत ठेवणं बंद केलं. गजाशिवाय ठासता येत नाही. बंदूक बाहेर, गज माझ्याजवळ, झोपताना अंथरुणात.

हा उपाय एक दिवस टिकला. गुरुवारी उजेड असतानाच मी परत आलो, पुन्हा रिकाम्या हाताने. बंदूक पडवीत ठेवली आणि गज मांडीवर घेऊन ऑर्फाशी बसलो. तिची खोली पडवीला लागून आहे, मध्ये फळ्यांची भिंत. खिडकीतून डोंगरावरचा उरलासुरला प्रकाश दिसत होता. मी चमचा तिच्या ओठांपाशी धरला होता.

भिंतीपलीकडे काहीतरी घासत गेलं. लांब, सावकाश, लाकूड लोखंडात सरकतं तसं. मग धप्प.

गज माझ्या मांडीवर होता. मी दुसऱ्या हाताने तो चाचपला. पुन्हा घासत वर, पुन्हा खाली. धप्प. तो आवाज घाईचा नव्हता. सवयीच्या माणसाचा होता.

उठून दार उघडायला हवं होतं. मी बसून राहिलो. चमचा तसाच धरला होता, पेज पांघरुणावर सांडत होती. आणि ऑर्फाने मान वळवली होती, भिंतीकडे. तिचे ओठ हलत होते. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आल्यावर भुकेल्या माणसाचे हलतात, तसे.

आवाज थांबल्यावर मी गेलो. पडवीत कोणी नव्हतं, कडी लागलेली होती. बंदुकीच्या नळीच्या तोंडावर वाफेचा थर होता, थंड खिडकीवर कोणी श्वास सोडावा तसा. मी बघत असताना तो गोठून पांढरा झाला. त्या रात्री मी बंदूक रिकामी केली नाही. करायला हवी होती, हे मला कळत होतं. पण गोळी ओढून पुन्हा निळ्या रेघा बघायची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

शुक्रवारी दिवसभर बर्फ पडला. मी घराबाहेर गेलो नाही. पडवीचं दारही उघडलं नाही.

६

शनिवारी मोसम संपत होता. दुपारी मी पडवीत उभा राहिलो, मन घट्ट केलं आणि गज नळीत सोडला. तिसरी खाच नळीच्या तोंडाशी बरोबर जुळली. वर नाही, खाली नाही.

मळसूत्र लावायला माझे हात तयार होईनात. ते एकदा पडलं, पुन्हा पडलं, मग फळ्यांच्या फटीतून खाली बर्फात गेलं. मी गुडघ्यांवर बसून फटीत बोटं घालत असतानाच जाळीच्या खिडकीतून बाहेर नजर गेली. बागेत, अगदी घराच्या बाजूला, एक हरणी उभी होती.

इतके दिवस एकही आलं नव्हतं. ही बर्फाखालची सडकी सफरचंदं उकरत होती आणि वाऱ्याची दिशा तिच्याकडून माझ्याकडे होती. कायद्याने शिकारीला अजून थोडा उजेड शिल्लक होता.

त्या क्षणी मी काय विचार केला, हे प्रामाणिकपणे लिहायचा प्रयत्न करतो. नळी फुटेल, हे मला ठाऊक होतं. फुटली तर कॉरीन उद्या दुपारी येईल, मला पडवीत बघेल आणि आईला घेऊन जाईल. नाही झाडली तरी ती आईला घेऊन जाईलच. मग मी वाटीत दारू ओतली.

दार उघडलं. हरणीने डोकं वर केलं, पण पळाली नाही. मी घोडा चढवला, एक खटका, मग दुसरा. चेहरा दस्त्यापासून जमेल तेवढा लांब धरला, डोळे जवळजवळ मिटले आणि चाप ओढला.

उजेड झाला. धूर झाला. खांद्याला धक्का बसल्याचं मला आठवत नाही. धूर विरला तेव्हा हरणी आडवी पडली होती.

बर्फात चिंधी शोधली, सापडली नाही. हरणीच्या अंगावर गोळीचं भोक शोधलं, तेही सापडलं नाही. पण अंधारून येत होतं, माझ्या चष्म्यावर वाफ होती, आणि मला शोधायचं होतं की नाही याची मला खात्री नाही. वडिलांनी शिकवलं होतं तसं पोट उघडलं. कलेजी काढून पत्र्याच्या भांड्यात घेतली. ती इतकी गरम होती की बर्फात भांडं ठेवलं तिथे खड्डा पडला. परत येताना बंदूक पडवीत टेकवली, गज तिच्याशेजारी.

७

लोण्यात कांदा टाकला, कलेजीच्या पातळ चकत्या टाकल्या. एक ताट तिला, एक मला. तिच्या चकत्या मी अगदी बारीक कुस्करणार होतो, पण आतून तिची हाक आली. माझ्या नावाने. कित्येक आठवड्यांनी.

"एलिस. कुस्करू नकोस. तशीच आण."

मी खुर्ची ओढून बसलो. पहिला तुकडा काट्याने तिच्या ओठांना लावला आणि तिने तोंड उघडलं. दुसरा. तिसरा. तिने माझं ताटही मागितलं. मी रडत होतो, त्यामुळे मला नीट दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ती चावत होती. सावकाश, नीट, शिरा तोडत.

डोळे पुसायला रुमाल घ्यायचा म्हणून मी उशाशी हात नेला. माझी बोटं पेल्याला लागली. पेल्यात पाणी होतं, सकाळीच बदललेलं. पाण्यात तिची कवळी होती.

चावण्याचा आवाज चालूच होता.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ते मी अजूनही पाहिलेलं नाही. मी तिच्या हातांकडे पाहत राहिलो, ते पांघरुणावर होते.

"उद्या कॉरीन येतेय ना?" ती म्हणाली. आवाज प्रसन्न होता. पंचवीस वर्षांपूर्वी रविवारच्या जेवणाला लोक येणार असले की असायचा तसा.

तिला हे मी सांगितलं नव्हतं.

बंदूक साफ करून येतो, असं म्हणून मी उठलो. बार झाल्यावर त्याच दिवशी धुवावी लागते, नाहीतर गंज चढतो, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पडवीत गज उचलून नळीत सोडला. बार झालेली नळी वाजते. मी त्या स्वच्छ आवाजासाठी कान लावला.

धप्प.

तिसरी खाच नळीच्या तोंडाशी बरोबर जुळली. म्हणजे वाटीतली दारू तेवढी पेटली होती. आतली भरणी जागची हलली नव्हती. माझ्या बंदुकीतून काहीच सुटलं नव्हतं.

गज हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि कॉरीनला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"आई जेवली," मी म्हणालो. "दोन ताटं."

पलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, असं ती म्हणाली. मी वेडेपणा करतोय असं तिला वाटलं होतं, आणि तिला लाज वाटतेय. मला जे हवं होतं ते सगळं ती एका दमात देऊन टाकत होती. ठरल्याप्रमाणे आई घरीच राहील. खोली ती उद्याच रद्द करेल.

"मी सकाळी लवकर निघते. नेण्यासाठी नाही रे, नुसती भेटायला. डॅड, ती मागे बोलतेय का? मला आवाज येतोय."

ती बोलत होती. शब्द मला समजत नव्हते, पण सूर तोच होता, पाहुण्यांची वाट बघणारा.

"येऊ नकोस," मी म्हणालो. "कालपासून बर्फ पडलाय, घाटाचा रस्ता बंद आहे. वसंतात ये."

"पण नकाशात तर रस्ता मोकळा दाखवतायत."

मी आयुष्यात तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. तेव्हाही ओरडलो नाही. मी म्हणालो, "कॉरीन, आम्हा दोघांना थोडे दिवस एकत्र राहू दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

तिने मोठा श्वास घेतला. "बरं," ती म्हणाली. "बरं, डॅड. वसंतात. तिला माझा पापा दे."

मी फोन ठेवला. घर अगदी शांत झालं. गाडीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला होती, रस्ता खरंच मोकळा होता.

"ती येत नाहीये?" ऑर्फाने आतून विचारलं.

"नाही."

"मग मला भूक लागली तर?"

तेवढ्यात पडवीत घोडा चढल्याचा आवाज आला. एक खटका. मग दुसरा. गज माझ्या हातात होता आणि खोलीच्या उघड्या दारातून मला पांघरुणावरचे तिचे दोन्ही हात दिसत होते.

मी गज टेबलावर ठेवला. चष्मा काढून त्याच्याशेजारी ठेवला. ऑर्फाला एकटीने जेवायला आवडत नाही. मी आत गेलो, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तिच्यासमोर बसलो.